पाण्याची गोळी आणि पाठराखीण

सकाळी उठल्यावर लोक देवाकडं बघतात, मी मायच्या पायांकडं बघते. आधी पाय, मग तोंड, चहा नंतर. घोट्याच्या वर अंगठा दाबायचा, सोडायचा आणि खड्डा पडतोय का बघायचं. पडला म्हणजे पायात पाणी साठलंय, माझा दिवस गेला. नाही पडला तरी गेलाच म्हणा, कारण दुपारी शाळेत शिकवून आले की मी पुन्हा बघते. "म्हैस हाय व्हय म्या?" माय एकदा वैतागून म्हणाली. "बाजारात म्हैस बघितल्यागत रोज बघतीस."

आईला आम्ही मायच म्हणतो. तिचं हृदय मोठं झालंय आणि थकलंय, असं उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून ती माझ्याकडं मुरुमला आहे. भाऊ जळकोटजवळ शेती बघतो. तो म्हणाला होता, राहू दे माझ्याकडं. पण तो दिवसभर रानात, आणि गोळ्यांच्या बाबतीत माझा स्वतःशिवाय कुणावर भरवसा नाही. हा माझा स्वभाव. मायला मात्र लेकीच्या घरचं राहणं टोचतं. कुणी विचारलं की म्हणते, "चार दिस आलेय." ते चार दिस संपायचं नाव घेईनात.

गोळ्या तीन. दाबाची, हृदयाची आणि पाण्याची. पहिल्या दोन बिचाऱ्या गरीब, खाल्ल्या काय अन् न खाल्ल्या काय, कुणाला कळत नाही. तिसरी भांडकुदळ. हृदय नीट ढकलत नाही म्हणून अंगात साठलेलं पाणी ती लघवीवाटे बाहेर काढते. सकाळी खाल्ली की तासाभरात पळापळ सुरू होते, ती पार दुपारपर्यंत. पण तीच गोळी मायच्या छातीत पाणी भरू देत नाही. तिच्यावर मायचा श्वास चालतो, हे मला पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. मायलाही सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती.

आता माय कोण आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माय आमच्या भावकीची पाठराखीण. पोरगी लग्न होऊन पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत एक जाणती बाई जाते. नवरीच्या शेजारी बसते, तिच्या ताटाजवळ जेवते, ती रडली तर गप करते, सासरचं कुणी टोचून बोललं तर हसत हसत परत टोचते आणि मांडवपरतणीला पोरीला घेऊन माघारी येते. हल्लीच्या पोरी मावसबहिणीला नेतात आणि दोघी मिळून मोबाईल बघत बसतात. आमच्यात अजून माय लागते. "माय गेली का? मग काळजी न्हाय," असं बायका म्हणतात. हे ऐकताना मायची मान कशी ताठ होते ते बघण्यासारखं असतं. लेकीच्या घरी ती पाहुणी, पण लग्नाच्या गाडीत तिचा मान.

तर झालं असं, की लगीनसराई सुरू झाली आणि मायचे पाय येड्यागत वागायला लागले. लग्नाला जाताना बारीक, येताना सुजलेले. मी मिठाच्या मागं लागले. लग्नातलं लोणचं, पापड, मठ्ठा, भजी, सगळ्याला शिव्या दिल्या. एका पंगतीत तर मी मायच्या मागं उभी राहिले आणि वाढप्याला म्हणाले, "हिच्या पानात लोणचं टाकलंस तर बघ." लोक हसले. सूज काही उतरेना. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळ्या वेळेवर घेता ना?" माय म्हणाली, "व्हय की. लेकीच्या धाकानं घ्यावंच लागतं." डॉक्टर हसले आणि त्यांनी पाण्याची गोळी वाढवली.

मग दुसरंच सुरू झालं. मायच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. तोंड सुकायचं. एका लग्नाहून आल्याच्या दुसऱ्या सकाळी ती हौदावर हंडा भरायला वाकली, उठली आणि आडवीच झाली. कपाळाला टेंगूळ. मी धावले, तर मला म्हणते, "हंडा सांडला का गं?" म्हटलं, हंडा गेला खड्ड्यात! उमरग्याला रक्त तपासलं तर अंगातले क्षार उतरलेले. डॉक्टर म्हणाले, गोळी जास्त होतेय, कमी करू. अगोदर पाणी जास्त, आता क्षार कमी. मी घरात मीठ कुलपात घालायचंच बाकी ठेवलेलं आणि इकडं हे. मी डॉक्टरांवरच भडकले. "डॉक्टर, तुम्हाला तरी कळायलंय का काय चाललंय ते?" ते बिचारे खरं बोलले. "नाही," म्हणाले. "काहीतरी बसत नाही."

त्या दिवसांत मला कशातच चैन नव्हतं. वर्गात पाढे म्हणून घेताना मन घरी. घरी आले की पाय. शेजारीण म्हणायची, "दुखणं हत्तीच्या पावलानं येतं अन् मुंगीच्या पावलानं जातं, धीर धरा." मला वाटायचं, बाई गं, इथं हत्ती रोज येतोय अन् जातोय, मी धीर कितीदा धरू?

तशात चुलतभावाच्या पोरीचं लग्न निघालं, सासर भूमकडं. माय गेली. मी गोळ्या पिशवीत बांधून दिल्या. रोज फोन करत होते. "खाल्ली का?" "खाल्ली." "पाण्याची?" "खाल्ली म्हणते न्हवं!" आवाज मात्र रोज थोडा थोडा तुटत होता. मी विचारलं तर म्हणाली, हिकडं फोनला रेंज न्हाय.

भूमच्या लोकांनी तिला भर दुपारी जीपनं आणून सोडलं. माझ्या दाराच्या पायऱ्या तिला चढवेनात. खांबाला धरून उभी राहिली. काहीतरी सांगायला लागली आणि अर्ध्या वाक्यात थांबली, कारण पुढच्या शब्दाला श्वासच नव्हता. चपलेचा पट्टा पायात रुतलेला. मी किंचाळले. अख्खी गल्ली गोळा झाली. त्याच जीपमध्ये तिला परत घालून आम्ही उमरग्याला निघालो. ती माझ्या खांद्याला टेकून बसलेली. छाती नुसती खालीवर, खालीवर. मी मनातल्या मनात तिला शिव्या देत होते आणि बाहेर म्हणत होते, "आलंच माय, आलंच." ती मरणार असं मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा वाटलं.

ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. इंजेक्शन त्या गोळीचंच, पण जोरात. थोड्या वेळात भांडं द्या, भांडं घ्या, पुन्हा द्या. नर्स कंटाळली नाही, मायच कंटाळली. श्वास जरा हाताशी आल्यावर मास्क बाजूला सारून ती माझ्यावर खेकसली, "ह्याच्यापायीच खात नव्हते म्या!"

"काय म्हणालीस?"

"काय न्हाय."

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. मायचं नाक मास्कखाली दाबलेलंच होतं. मी खाट धरून उभी राहिले आणि म्हणाले, "सांग. आत्ता सांग. नाहीतर मी इथंच सगळ्यांसमोर ओरडते." मी ओरडते हे तिला ठाऊक आहे. पोरांवर ओरडून आवाज कमावलाय मी.

मग तिनं सांगितलं. परक्याच्या घरी, पाव्हण्यारावळ्यांतनं, पुन्हा पुन्हा तांब्या घेऊन कसं जायाचं? संडास परसात, वाटेवर बापयमाणसं बसलेली. "पाठराखीणच अशी पळाया लागली तर नवरीची काय शोभा? म्हणतील, म्हातारी सोबत दिलीय का दुखणं दिलंय?" आणि गाडीत तर बोलायलाच नको. म्हणून लग्नाच्या दिवशी, प्रवासाच्या दिवशी ती पाण्याची गोळी खायचीच नाही. पहिल्यापासून. भूमला तर जितके दिवस राहिली तितके दिवस नाही. आणि घरी आल्यावर राहिलेल्या सगळ्या भरून काढायच्या. कधी दोन, कधी तीन एकदम.

"एकदम? माय, तुझं डोकं ठिकाणावर हाय का?"

"मग? उपास सोडल्यावर माणूस जास्त जेवतंच की."

मला रडू यायला लागलं आणि संतापही. संताप कुणावर ते कळेना. मायवर होता. त्या मंगल कार्यालयांवरही होता. कमानीला फुलं, स्टेजला झुंबर, नवरदेवाला घोडा, धूर सोडायला मशीन, आणि बायकांच्या संडासाला कडी नाही! कुठं कडी आहे तर पाणी नाही. दोन्ही आहे तर कुलूप, अन् किल्ली कुणाकडं ते विचारायची आम्हालाच लाज.

डॉक्टर आले. मी सगळं सांगून टाकलं. माय भिंतीकडं तोंड करून पडलेली. मला वाटलं, आता तिला झापतील. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. "आजी," ते म्हणाले, "तुम्ही गोळी सोडली, मला वाटलं पुरत नाही, म्हणून मी वाढवली. तुम्ही दोन-तीन खाल्ल्या, चक्कर आली, मला वाटलं जास्त होतेय, म्हणून मी कमी केली. आपण दोघं आंधळी कोशिंबीर खेळत होतो. पण डोळे माझे बांधलेले, अन् जीव तुमचा."

माय हळूच वळली. "तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी दर वेळी विचारत होतो की!"

"तुम्ही 'घेता का' इचारलं. 'घेऊन मग जाता कुठं' हे कुठं इचारलं?"

डॉक्टरांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग त्यांनी मायला, माझ्याकडं न बघता, सांगितलं. गोळी राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन करायच्या नाहीत, कधीच नाही. प्रवासाच्या दिवशी तुमची ही गोळी सकाळऐवजी दुपारी घेतली तर चालेल, पण दिवस मावळायच्या बरीच आधी, नाहीतर रात्र जागण्यात जाईल. आणि वेळ बदलायची ती मला विचारून, मनानं नाही. दुसऱ्या गोळ्यांना हाच नियम लावायचा नाही. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं. ते दोन-तीन दिवसांत भरभर चढलं, पाय सुजले, उशा उंच केल्याशिवाय झोपवेना, तर वाट बघायची नाही, फोन. पायात गोळे आले, चक्कर आली, तरी फोन. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. आणि गुडघे-कंबर दुखली की दुसरी कुठली गोळी खाता का?

"गुडघ्याची कुठली?" मी विचारलं.

मायनं डोळे मिटून घेतले. लग्नातल्या एका विहीणबाईनं दिलेली, गुडघ्यावर लई गुणकारी. डॉक्टर म्हणाले, असल्या कितीतरी गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडाला त्रास देतात, तुमच्यासारख्या पेशंटला तर नकोच. पुढच्या वेळी घरात जे जे काय आहे ते सगळं पिशवीत घालून आणा, विहीणबाईचंसुद्धा. मी मनात म्हटलं, विहीणबाईला पण आणते.

घरी आल्यावर मी फर्मान काढलं, लग्नं बंद. फोन आला की मीच सांगायची, तब्येत बरी नाही. माय भांडली नाही. तिनं भांडावं म्हणून मी दोनदा मुद्दाम उकरून काढलं, तरी नाही. गोळ्या वेळेवर, वजन जागेवर, पाय काडीसारखे. आणि माय दारातल्या खुर्चीत, रस्त्याकडं बघत. रस्त्यानं वाजंत्री गेली की आत जाऊन पडायची. जेवण अर्ध्यावर आलं. मला वाटलं होतं की पाय नीट झाले की माझी तगमग थांबेल. ती वाढलीच. एक दिवस ती सरळ म्हणाली, "लेकीच्या दारात बसून पाय बारीक करायलेय म्या. दुसरं काय काम हाय मला?"

मग भावाच्या पोरीचं लग्न ठरलं. मायची सख्खी नात, माझी भाची. सासर सोनारी. पोरीनं फोनवर एकच सांगितलं, "आजी सोबत आली तरच मी जाणार." मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "जाऊ दे. गोळी घेऊन जाऊ दे." म्हटलं, ठीक आहे, मग मीही जाणार. माय म्हणाली, "पाठराखणीला पाठराखीण? लोक हसतील." म्हटलं, हसू दे, दात दिसतील त्यांचे.

लग्न जळकोटला, हायवेवरच्या कार्यालयात. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, गाडी सजून उभी राहिली. डॉक्टरांशी ठरल्याप्रमाणे ही गोळीची वेळ. गाडीत बसलेल्या मायनं गोळी तळहातावर घेतली आणि नुसती बघत बसली.

"सोनारीला पोचल्यावर खाते."

"पोचेपर्यंत दिवे लागतील. तेव्हा चालत नाही म्हणालेत."

"मग रस्त्यात काय करू?"

"गाडी थांबवू."

"कोण थांबवंल? पुढं नवरदेवाचा मामा बसणार हाय."

"मी थांबवीन."

तिनं माझ्याकडं वर बघितलं. भूमहून आली तेव्हा खांबाला धरून असंच बघितलं होतं तिनं. मी म्हणाले, "माय, तुला असं दम तोडताना मी परत बघणार नाही. खा, नाहीतर उतर गाडीतून." तिनं ओठ ओले होतील एवढ्याच पाण्यावर गोळी गिळली.

पुढं ड्रायव्हर आणि मामा. मधे नवरदेव, भाची, माय. मागं मी, पोरीच्या बॅगा आणि लाडवांचे डबे. नळदुर्ग गेलं. तुळजापूर येईपर्यंत मायचे खांदे ताठ झाले. मी मागून विचारलं, तिनं मान हलवली. तुळजापूर गेलं. तिची पदर धरलेली मूठ पांढरी पडली. मी पुन्हा विचारलं. "गप," ती म्हणाली. मामा मात्र खुशीत. सोनारीत आधी भैरोबाला जोडीनं पाया पडायचं, मग घर, कुठं थांबायचं नाही. धाराशिव मागं पडलं. मी गोड आवाजात म्हणून बघितलं, "पाव्हणं, पुढच्या पंपावर जरा घ्या ना गाडी."

"कशाला? डिझेल फुल हाय."

"चहा घेऊ की."

"चहा आता घरीच, ताई."

मायच्या मानेवर घाम दिसला. मग मात्र माझा तोल सुटला. "आवं पाव्हणं, आमच्या आईला हृदयाचा आजार हाय! तिला लघवीची गोळी चालू हाय! थांबवा म्हणते ना गाडी!"

वर्गातला आवाज होता तो. ड्रायव्हरनं दचकून वेग कमी केला. नवरदेवानं हात लांब करून गाडीतलं गाणं बंद केलं. मायनं पदर तोंडावर ओढला आणि मागं हात घालून मला असा चिमटा काढला की आठ दिवस वळ होता.

पंपावर संडास होता, दाराला कडी नव्हती. माय आत गेली, मी बाहेरून दार धरून उभी राहिले. तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. भाची शालू उचलून, मुंडावळ्या सावरत पळत आलेली.

"आत्या, मला बी जायचंय."

"मग बोलायचं न्हाय व्हय? कधीपासनं?"

"सकाळधरनं." तिचे ओठ लाली लावूनही सुकलेले दिसत होते. "हळद लागल्यापासून पाणीच पिले न्हाय मी. काकू म्हणल्या, नवरीला सारखं उठता येत नसतंय. तुम्ही ओरडलात म्हणून बरं झालं."

दार आतून उघडलं. मायनं सगळं ऐकलं होतं. तिनं पोरीकडं बघितलं, तिच्या ओठांकडं बघितलं, तिला आत ढकललं आणि मला बाजूला सारून स्वतः दार धरलं. पाठ दाराला, तोंड रस्त्याकडं.

"इतक्या पोरी पोचवल्या म्या," ती म्हणाली. "शेजारी बसून. कुणाला रडू दिलं न्हाय, कुणाला बोलून घेतलं न्हाय. अन् एकीलाबी इचारलं न्हाय गं, तुला जायाचंय का म्हणून. मला वाटायचं, म्या एकटीच धरून बसलेय."

मीही तिच्या शेजारी दाराला पाठ लावून उभी राहिले.

गाडीत बसल्यावर मायनं पदर नीट केला आणि मामाच्या पाठीवर बोटानं टिचकी मारली. "पाव्हणं, आणिक एकदा थांबावं लागंल. गोळी अजून उतरली न्हाय." मामा पुढं बघतच म्हणाला, "थांबू की, आजी." मग मायनं पाण्याची बाटली उघडून पोरीच्या हातात दिली.

"पी. सगळी पी. म्या हाय न्हवं सोबत."

आणि नवरीनं मुंडावळ्या बाजूला केल्या, अन् नवऱ्यासमोर, मामासमोर ती बाटली घटाघटा रिकामी केली.